झीज कोण ठरवतं?

या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "बाई, इतकी वर्षं कांट शिकवलात आणि आता संगणकावरच्या खेळातली तलवार कधी बोथट होते ते सांगणार?" मी म्हटलं, हो, तेच सांगणार आहे, आणि शेवटी कांटही येईल. तेव्हा थोडा धीर धरा.

आधी मुद्दा नेमका काय आहे ते सांगते. समोर बसलेल्यांपैकी काहींनी हे खेळ खेळले असतील, आणि काहींनी फक्त त्यावरून घरातल्या मुलांना रागावलं असेल. रोल-प्लेइंग गेममध्ये तुम्ही एक पात्र होता. हातात तलवार, अंगावर चिलखत, आणि समोर एक काल्पनिक जग. यांतल्या पुष्कळ खेळांत प्रत्येक वस्तूला तिच्या टिकाऊपणाचा एक आकडा जोडलेला असतो. घाव घातला की तलवारीचा आकडा उतरतो, घाव झेलला की चिलखताचा. शून्यावर आला की वस्तू निकामी. आणि मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच मूळ खेळात केलेला फेरफार. अशाच एका मॉडमध्ये मला एक छोटी पट्टी दिसली, डावी-उजवीकडे सरकणारी. ती सरकवली की वस्तू झिजण्याचा वेग बदलतो.

ती पट्टी बघून मी थबकले. कारण झीज ही आपण कायम सोसायची गोष्ट म्हणून ओळखतो. चपला झिजतात, गुडघे झिजतात, कोणी आपल्याला विचारत नाही. इथे मात्र विचारलं जात होतं: बोला, किती झीज हवी? या प्रश्नापर्यंत आपण कसे आलो, हा पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो आज थोडक्यात बघू.

सुरुवात कागदावर होते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. संगणक नाही, टेबल, फासे, कागद-पेन्सिल आणि कल्पनाशक्ती. पुढच्या वर्षी त्याला 'ग्रेहॉक' नावाची पुरवणी आली आणि तिच्यात एक प्राणी आला, रस्ट मॉन्स्टर, आपण गंजासुर म्हणू. गायगॅक्स यांनी स्वस्तातल्या प्लास्टिकच्या खेळण्यांची एक पिशवी आणली होती, त्यातल्या एका विचित्र खेळण्यावरून हा प्राणी सुचला. हा गंजासुर तुमच्या अंगाला फारसं काही करत नाही. त्याच्या मिशा लोखंडाला लागल्या की लोखंडाचा गंज होतो, इतकंच. पण महिनोन् महिने खेळून मिळवलेलं चिलखत क्षणात भुगा होणार म्हटल्यावर भल्या भल्या योद्ध्यांची गाळण उडायची.

इथे झिजेचं स्वरूप लक्षात घ्या. तुम्ही वस्तू किती वापरली, कशी वापरली, याचा तिच्याशी संबंध नाही. नाश बाहेरून येतो, साथ यावी तसा. १९८० च्या सुमारास 'रोग' नावाचा संगणकावरचा खेळ आला. सगळं चित्र अक्षरांनी काढलेलं. गंज चढवणारा प्राणी त्यातही आला, पण एक छान बारकावा घेऊन: चामड्याचं चिलखत गंजत नाही. म्हणजे आता निवड आली. जास्त संरक्षण देणारं पण गंजणारं लोखंड, की कमी संरक्षण देणारं पण न गंजणारं चामडं? नाश अजून दैवाच्या हाती होता, पण दैवाचा अंदाज बांधून वागणं माणसाच्या हाती आलं होतं.

दुसरा टप्पा १९९६ च्या अगदी अखेरीस आलेल्या 'डायब्लो'चा. इथे झीज वापराशी जोडली गेली. प्रत्येक वस्तूवर दोन आकडे: आत्ता किती शिल्लक आहे आणि जास्तीत जास्त किती असू शकतं. गावात ग्रिसवोल्ड नावाचा लोहार आहे, तो पैसे घेऊन वस्तू पूर्ववत करून देतो. पण योद्ध्याचं पात्र घेतलं तर तुम्हाला स्वतःलाही दुरुस्ती करता येते, तळघरात, लढाईच्या मधोमध, फुकट. अट एवढीच, की अशा दुरुस्तीत वस्तूचा जास्तीत जास्तचा आकडा घटतो. वस्तू आज चालू होते, पण तिचं एकूण आयुष्य कमी होतं.

मला हा नियम फार आवडतो, कारण तो खरा आहे. ज्यांच्या घरात जुनी विळी आहे त्यांनी तिचं पातं आठवून बघावं. वर्षानुवर्षं धार लावून लावून ते अरुंद झालेलं असतं. धार लावणं म्हणजे दुरुस्ती, आणि धार लावणं म्हणजे थोडं लोखंड घासून टाकणंही. दुरुस्ती हीच एक संथ झीज आहे. हे तत्त्व त्या खेळाने एका साध्या वजाबाकीत बसवलं.

त्याच मालिकेच्या दुसऱ्या खेळात, 'डायब्लो २'मध्ये, 'इथीरियल' नावाच्या वस्तू असतात. नेहमीच्या शस्त्रापेक्षा असं शस्त्र दीडपट इजा करतं, पण त्याचा टिकाऊपणा साधारण निम्मा, आणि त्याची दुरुस्ती होतच नाही. भरपूर तेज, थोडं आयुष्य. अकिलीसला असाच पर्याय दिला होता, नाही का? दीर्घायुष्य की कीर्ती.

तिसऱ्या टप्प्यात हिशेब बदलतो. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' आणि २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' असे खेळ आले, ज्यात हजारो माणसं एकाच वेळी एकाच जगात वावरतात. तिथे एक अर्थशास्त्रीय पेच उभा राहतो. प्रत्येक राक्षस मेला की त्याच्याकडून सोनं मिळतं. हे सोनं कुणाच्या खिशातून येत नाही, ते शून्यातून निर्माण होतं. म्हणजे मारलेला प्रत्येक राक्षस ही एक छोटी टांकसाळ झाली. पैसा नुसता येतच राहिला आणि जिरला नाही, तर महागाई वाढणार. मग पैसा जिरवायची एक जागा म्हणून झीज वापरली गेली. 'वॉरक्राफ्ट'मध्ये राक्षसाच्या हातून मेलात की अंगावरच्या वस्तूंचा टिकाऊपणा दहा टक्क्यांनी उतरतो. आपल्या मृतदेहापर्यंत चालत जाण्याचे कष्ट टाळून स्मशानातल्या देवदूताकडून तिथेच जिवंत झालात, तर पंचवीस टक्क्यांनी. मग दुरुस्तीचं बिल भरा. इथे झीज म्हणजे सरळ सरळ कर आहे. करात वाईट काही नाही, पण कर भरताना आपल्याला आपल्या तलवारीबद्दल काही वाटत नाही, बिलाबद्दल वाटतं.

दैव झालं, वापर झाला, कर झाला. आता मॉडकडे येऊ.

२००२ साली 'मॉरोविंड' आला. संगणकावरच्या आवृत्तीबरोबर कन्स्ट्रक्शन सेट नावाचं साधन दिलेलं होतं, ज्याने खेळाच्या पोटातले आकडे कुणालाही बदलता यायचे. आता त्या पोटात झिजेचा हिशेब कसा आहे बघा. तलवारीने जितकी इजा केली तिला एका गुणकाने गुणायचं. हा गुणक मुळात ०.१ आहे. येईल तितका टिकाऊपणा तलवारीतून वजा, आणि काहीही झालं तरी एका घावाला किमान एक वजा होणारच. शिवाय तलवार जितकी झिजलेली तितका तिचा घाव कमकुवत. निम्मी झिजली की इजाही निम्मी.

एक उदाहरण घेऊ. समजा तलवारीचा टिकाऊपणा ८०० आहे आणि तिचा घाव २० चा. गुणक ०.१, म्हणजे दर घावाला २ गेले. घाव हळूहळू कमकुवत होतो हे तूर्त बाजूला ठेवलं, तर चारशे घावांत तलवार संपली. तुम्हाला वाटलं, फार लवकर झिजते, वेग निम्मा करू. गुणक ०.०५ केला. आता दर घावाला १, म्हणजे आठशे घाव. छान. पण शेजारी तुमचा खंजीर आहे, त्याचा घाव ८ चा. ०.१ ने गुणलं तर ०.८ येतात, पण किमान एक जायचाच, म्हणून १ जात होता. गुणक निम्मा केल्यावर ०.४ येतात, तरीही १ च जातो. तुम्ही सवलत दिली आणि ती फक्त मोठ्या शस्त्राला मिळाली. खंजीरवाला होता तिथेच राहिला.

वर्गात मी हे उदाहरण न्यायाच्या तासाला वापरलं असतं. सर्वांना सारखा नियम लावला आणि खाली एक किमान मर्यादा ठेवली, की सवलत वरच्यालाच पोचते. खंजिराला दिलासा द्यायचा असेल तर गुणकाला हात लावून उपयोग नाही, त्याचा मूळ टिकाऊपणाच वाढवला पाहिजे. हे मॉड करणाऱ्यांना आकडेमोड करता करता कळतं.

उलट दिशेने बघा. गुणक ०.५ केला तर तीच तलवार ऐंशी घावांत संपते. मग खेळणारा काय करतो? जास्त जपून लढतो का? बहुधा नाही. तो तीन तलवारी आणि दहा हातोड्या पाठीवर घेऊन हमालासारखा फिरतो. किंवा सगळ्यात चांगली तलवार पेटीत ठेवून देतो, पुढे कधी तरी लागेल म्हणून, आणि सगळा खेळ भंगार शस्त्रांनी खेळून संपवतो. आपल्याकडे नाही का, चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात आणि घरचे कान तुटलेल्या कपातून चहा पिणार? झीज फार वाढवली की काळजी वाढत नाही, साठेबाजी वाढते. आणि फार कमी केली की वस्तूकडे लक्षच जात नाही. या दोन्हींच्या मध्ये कुठे तरी तो आकडा आहे, ज्यावर माणूस वस्तू वापरतोही आणि जपतोही.

लक्ष जाण्याबद्दल हायडेगरने १९२७ साली 'बीइंग अँड टाइम'मध्ये हातोडीचंच उदाहरण घेतलं आहे. हातोडी नीट चालत असते तेव्हा ती आपल्याला दिसत नाही, आपलं लक्ष खिळ्यावर आणि होणाऱ्या कामावर असतं. ती मोडते तेव्हा पहिल्यांदा ती वस्तू म्हणून समोर येते. खेळातल्या झिजेचं काम नेमकं हे आहे. पाठीवर निमूट असलेल्या तलवारीला अधूनमधून समोर आणणं.

पण ती समोर येऊन नुसती कटकट करायला लागली तर? २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये हेच झालं असं मला वाटतं. तिथे दुरुस्ती हे एक कौशल्य होतं. सुरुवातीला जादूच्या वस्तू दुरुस्त करता येत नसत, सरावाने येत. कौशल्य आणखी वाढलं की वस्तू शंभराच्या वर, १२५ टक्क्यांपर्यंत नेता येई, आणि पूर्ण निष्णात झालात की एकच हातोडी जन्मभर पुरे. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक लढाईनंतर थांबायचं, यादी उघडायची आणि एकेका वस्तूवर टक टक टक. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं, नुसतं करण्यासारखं होतं.

मग ११ नोव्हेंबर २०११ ला त्याच मालिकेतला 'स्कायरिम' आला आणि त्यातून झीज काढूनच टाकलेली होती. सहाण आहे, लोहाराचं टेबल आहे, तिथे तलवार आणखी चांगली करता येते. फाइन, सुपीरियर, असं चढत चढत लेजेंडरीपर्यंत. पण उतरण नाही. वस्तू फक्त सुधारते, बिघडत कधीच नाही. हजार लढायांनंतरही तलवार तशीच, कोरी.

खूप जणांना ही सुटका वाटली, आणि ते मी समजू शकते. पण काही जणांना चुकल्यासारखं वाटलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये 'स्कायरिम'चं संपादनाचं साधन खुलं झालं आणि पुढे खेळणाऱ्यांनी काढून टाकलेली झीज परत आणली. 'लूट अँड डिग्रेडेशन' हा त्यातला एक प्रसिद्ध मॉड. त्याने नवीन काही उभारण्याऐवजी खेळात होती तीच चढण उतरती केली: वापराने वस्तूची सुधारणा हळूहळू उतरते. किती वेगाने, हे तुम्ही ठरवायचं. मी म्हटलेली पट्टी ती हीच.

क्षणभर थांबून विचार करा. खेळ सोपा झाला होता. कर माफ झाला होता. आणि लोकांनी स्वतः खपून, एका पैशाची अपेक्षा न ठेवता, तो कर स्वतःवर पुन्हा लावून घेतला. का? माझं उत्तर असं आहे. जे जग आपल्या वागण्याने झिजत नाही, ते आपल्या वागण्याची नोंदही ठेवत नाही. हजार घाव घालून तलवार कोरीच राहिली, तर ते घाव घातले काय आणि न घातले काय. झीज ही त्या जगाने ठेवलेली वही आहे.

आता शीर्षकातला प्रश्न. झीज ठरवतं कोण? कधी कधी कोणीच ठरवत नाही, हेही सांगायला हवं. २०१४ साली 'डार्क सोल्स २' संगणकावर आला, तेव्हा खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की पडद्यावर सेकंदाला तीसऐवजी साठ चित्रं दिसत असतील, तर शस्त्रं जवळजवळ दुप्पट वेगाने झिजतात. झिजेचा हिशेब चित्रांच्या वेगाला बांधला गेला होता. म्हणजे ज्याचं यंत्र चांगलं त्याची तलवार लवकर मोडणार! २०१५ मध्ये ते दुरुस्त झालं. तोवर लोक त्या झिजेशी जुळवून घेऊन खेळत होते, जणू तो त्या जगाचा नियमच आहे.

एरवी मात्र झीज खेळ बनवणारा ठरवतो. पट्टी आल्यावर ती आपण ठरवतो, आणि इथे खरी अडचण सुरू होते. दुसऱ्याने लादलेला नियम मोडता येत नाही म्हणून आपण पाळतो. स्वतः केलेला नियम कधीही मोडता येतो, मग तो नियम कसा?

यावर माझ्यापाशी एक छोटी कबुली आहे. नातवाने हा खेळ मला लावून दिला तेव्हा मी विचार करून झिजेचा वेग मध्यम ठेवला होता. एका गुहेत, अगदी आतल्या दालनात, तलवार पार उतरली. परतीची वाट लांब. माझा हात आपोआप त्या पट्टीकडे गेला. वेग शून्य केला, लढाई जिंकले, बाहेर येऊन वेग पुन्हा होता तिथे ठेवला. कोणी पाहिलं नाही, कोणाचं नुकसान झालं नाही. आणि तरी त्यानंतर त्या तलवारीत माझा जीव रमला नाही. वर तलवारीचं नाव तेच, आकडे तेच. पण वहीतलं एक पान मी फाडलं होतं, आणि ते मला माहीत होतं.

कांटने १७८५ साली स्वायत्ततेची कल्पना मांडली. आपण स्वतः केलेल्या नियमाने स्वतः बांधलं जाणं, याला तो स्वातंत्र्य म्हणतो. विद्यार्थ्यांना हे नेहमी उलटं वाटायचं. बांधलं जाणं म्हणजे स्वातंत्र्य कसं? तेव्हा मी त्यांना आपला साधा शब्द द्यायची: नेम. नेम कोणी लादत नाही, आपणच घेतो. पण एकदा घेतला की तो आपल्यावर चालतो. सोमवार करणाऱ्या बाईला कोणी अडवलेलं नसतं. दुपारी भूक लागली म्हणून तिने त्या दिवसापुरता वार बदलला, तर तिला कोणी शिक्षा करणार नाही, फक्त तो सोमवार राहणार नाही. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुसूनपासून पूजतात, ती त्या दिवशी मोडलेली असतात म्हणून थोडीच? दिवस ठरलेला आहे, म्हणून हात लागतो.

तेव्हा तुमच्यापैकी जे हे खेळ खेळतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पट्टी कुठे ठेवावी याचा एकच बरोबर आकडा नाही. ती सुरुवातीला, तलवार कोरी असताना ठरवा, कारण मोडायला आलेली तलवार हातात धरून कोणीही न्यायाधीश होऊ शकत नाही. आठवडाभर खेळून आकडा चुकला असं वाटलं तर जरूर बदला, पण घरी परत आल्यावर, शस्त्रं खाली ठेवून, आणि पुढच्या सगळ्या लढायांसाठी बदला. चालू लढाईसाठी नको. बदल आणि पळवाट यांत फरक एवढाच असतो.

आणि जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी: घरी गेल्यावर विळीच्या पात्याकडे एकदा बघा. इतकी वर्षं कोणी किती चिरलं आणि कितीदा धार लावून आणली, ते सगळं तिच्यावर उमटलेलं आहे.